भास्कराचार्य आणि राजगडावरची घार

मी वेल्ह्याचा आणि माझा रूम पार्टनर भोरचा. मिनी प्रोजेक्टला गेम करायचं ठरलं तेव्हा रोहिडा की राजगड यावरून मेसमध्ये जोरदार भांडण झालं आणि राजगड जिंकला. घार गडाभोवती उडते, कड्याला धडकली की खेळ खलास. पण प्रत्येक फ्रेमला घारीचा प्रत्येक त्रिकोण गडाच्या प्रत्येक त्रिकोणाशी ताडून बघताना पीसी अक्षरशः रांगायला लागला. सबमिशनला आठवडा उरला होता.

उपाय पुस्तकात सापडला. वस्तूभोवती एक साधा गोल किंवा खोका कल्पायचा आणि आधी तोच तपासायचा. दोन गोलांच्या केंद्रांमधलं अंतर त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असेल तर टक्कर शक्यच नाही, पुढचं गणित वाचलं! रविवारी घरी हे आजोबांना सांगितलं, तर ते म्हणाले की ग्रहणसुद्धा असंच काढतात. तिथे मला भास्कराचार्य भेटले. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे तोपर्यंत भास्कर म्हणजे माझ्यासाठी फक्त एक उपग्रह होता.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

ग्रहगणितात चंद्रग्रहणाच्या आधी पर्वसंभव नावाचं प्रकरण येतं. म्हणजे ग्रहण मुळात शक्य आहे का? पौर्णिमेला चंद्र राहू-केतूच्या, म्हणजे त्याची कक्षा सूर्यमार्गाला छेदते त्या बिंदूंच्या, जवळपास नसेल तर विषय संपला. असेल तरच पुढचं गणित. चंद्रबिंब आणि पृथ्वीची सावली यांच्या त्रिज्यांची बेरीज, म्हणजे मानैक्यार्ध, काढायची. चंद्राचं सूर्यमार्गापासूनचं अंतर तिच्यापेक्षा कमी, तर ग्रहण. आमच्या कोडमधली हीच ओळ! ही रीत त्यांच्याही आधीची, ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथातही आहे. म्हणून व्हिडिओ गेम आपल्या पूर्वजांनी शोधला असं मी म्हणणार नाही. पण स्वस्त प्रश्न आधी आणि महाग गणित नंतर, हे शहाणपण जुनंच.

घारीला गोल पुरला. गडाला नाही. संजीवनी माची लांब आणि निमुळती, तिच्याभोवतीच्या गोलात दगडापेक्षा हवाच जास्त. म्हणून प्रत्येक माचीला तिच्या दिशेने वळवलेला वेगळा खोका दिला. मग घार सुवेळा माचीच्या नेढ्यातून जाताना मरायला लागली! खोक्याला ते आरपार भोक कुठे दिसतंय? खोका हो म्हणाला म्हणजे टक्कर फक्त संभवते, हे आम्ही विसरलो होतो. मग फक्त त्या खोक्यातले त्रिकोण तपासले आणि घार सुखरूप पार झाली. पीसीपण पळाला.

भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथावर वासनाभाष्य लिहून प्रत्येक रीतीमागचं कारण सांगितलं. ११८३ मध्ये, उतारवयात, सोप्या गणितासाठी करणकुतूहल लिहिलं. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. १२०७ चा शिलालेख तिथे आहे.

आम्ही मात्र कोडमध्ये कॉमेंट लिहायचा कंटाळा केला होता. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, इथे गोल का नाही, खोका का? उत्तर आलं, पण घाम फुटला. त्या रात्री बसून सगळ्या कॉमेंट लिहिल्या, पुढच्या वर्षीच्या ज्युनिअर्ससाठी.