गाडगं आणि खराटा

सुट्टीहून होस्टेलवर येताना माझ्या तीन बॅगा असतात, तरी चार्जर घरीच राहतो! गाडगे महाराज म्हणजे नाशिकचा पूल, एवढंच मला कॉन्व्हेंटवालीला ठाऊक होतं.

१८७६ साली शेंडगावला जन्मलेले डेबूजी १९०५ मध्ये घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक मातीचं गाडगं. जेवायला तेच, पाण्याला तेच, उन्हात डोक्यावरही तेच (मल्टिपर्पज डिझाईन!). लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी नाशिक, पंढरपूरला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी खोली ठेवली नाही.

बॅगा कमी करणं मला जमेलही. पण बायकोमुलांना मागे ठेवून जाणं? ते मला अजून पटत नाही. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, प्रवासातच ते गेले.