अरुणकुमार वैद्य

जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य (२७ जानेवारी, १९२६ – १० ऑगस्ट, १९८६) हे भारताचे लष्करप्रमुख होते. महावीर चक्र हा सन्मान त्यांना दोनदा मिळाला. निवृत्तीनंतर काही महिन्यांतच खलिस्तानवादी अतिरेक्यांनी पुण्यात त्यांची हत्या केली.

सैनिकी कारकीर्द

वैद्य १९४५ मध्ये चिलखती दलात अधिकारी म्हणून रुजू झाले. १९६५ च्या युद्धात डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे नेतृत्व करताना त्यांनी खेमकरण क्षेत्रातील असल उत्तर येथे पाकिस्तानी रणगाड्यांची आगेकूच रोखली. १९७१ मध्ये त्यांच्या १६ व्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडने शकरगढ क्षेत्रात सुरुंगक्षेत्रे पार करून बसंतर नदी ओलांडली. पुढे ते पूर्व विभागाचे प्रमुख झाले. १९८३ मध्ये त्यांनी लष्करप्रमुखपदाची सूत्रे स्वीकारली. जून १९८४ मध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिर परिसरात झालेली 'ऑपरेशन ब्लू स्टार' ही कारवाई त्यांच्याच कार्यकाळातील होय.

हत्या आणि खटला

जानेवारी १९८६ अखेर निवृत्त होऊन वैद्य पुण्यात स्थायिक झाले. १० ऑगस्ट रोजी पत्नीसह मोटारीने घरी परतत असताना दुचाकीवरून आलेल्या हल्लेखोरांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पत्नी भानुमती यात जखमी झाल्या. ब्लू स्टार कारवाईचा सूड हे हत्येमागील कारण होते. सप्टेंबरमध्ये पिंपरी येथे एका दुचाकीला झालेल्या अपघातातून तपासाला महत्त्वाचा धागा मिळाला. हरजिंदरसिंग जिंदा व सुखदेवसिंग सुखा यांना ९ ऑक्टोबर, १९९२ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली.

प्रादेशिक पार्श्वभूमी

या काळात भारत, श्रीलंका आणि पाकिस्तान या देशांना अतिरेकी हिंसाचाराने ग्रासले होते. हत्येच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९८५ मध्ये, ढाका येथे सात देशांची सार्क संघटना स्थापन झाली होती. ४ नोव्हेंबर, १९८७ रोजी काठमांडू येथे सदस्य देशांनी दहशतवादविरोधी प्रादेशिक करारावर सह्या केल्या. खून, अपहरण, ओलीस ठेवणे यांसारखे दहशतवादी गुन्हे प्रत्यार्पणासाठी राजकीय मानू नयेत, तसेच आरोपीला सोपवावे अथवा त्याच्यावर खटला चालवावा, ही त्यातील मुख्य तत्त्वे होत. मात्र प्रत्यार्पण अन्यायकारक ठरेल असे वाटल्यास ते नाकारण्याची मुभा प्रत्येक देशाकडे राहिल्याने कराराची परिणामकारकता परस्पर विश्वासावरच अवलंबून राहिली. दहशतवादाच्या अर्थपुरवठ्यास आळा घालण्यासाठी २००४ मध्ये त्याला पूरक करार जोडण्यात आला.

सन्मान

महावीर चक्राखेरीज वैद्य यांना परमविशिष्ट सेवा पदक व अतिविशिष्ट सेवा पदक मिळाले. मुंबईतील गोरेगाव येथील एका मार्गाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.