हरलेल्या शर्यतीचा विजेता : जे. आर. डी. टाटा

मोपाच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या गोमंतकीयाला आज विमानाचे नवल उरलेले नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र आकाशात झेपावणे हा मोजक्या हौशी तरुणांचा, जिवावर उदार होऊन जोपासलेला छंद होता. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा हे त्यांपैकीच एक.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. बालपणी फ्रान्सच्या समुद्रकिनारी सुट्टी घालवताना वैमानिक ब्लेरिओ यांच्या कुटुंबाचा शेजार लाभला आणि तेथेच विमानाचे वेड जडले. १९२५ मध्ये ते मुंबईत टाटा समूहात बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. बुगाटी मोटार भरधाव हाकण्याचीही त्यांना हौस होती. फेब्रुवारी १९२९ मध्ये भारतात दिला गेलेला वैमानिकाचा पहिला परवाना त्यांना मिळाला.

१९३० मध्ये आगाखान यांनी इंग्लंड व भारत यांदरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. टाटा कराचीहून, तर सतरा वर्षांचे अस्पी इंजिनीअर इंग्लंडहून निघाले. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लग नसल्याने अस्पी अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. काही तासांच्या फरकाने अस्पी जिंकले. तेच पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

पारितोषिक हुकले, तरी हौसेचे रूपांतर कार्यात झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर विमान उतरवले. त्या सेवेतूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली. १९५३ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. ते टाटांना रुचले नव्हते. तरीही अध्यक्षपद स्वीकारून त्यांनी ती संस्था पोटच्या लेकराप्रमाणे जपली. १९७८ मध्ये सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले, ही सल मोठी होती.

१९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न लाभले आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. देशाला आकाशमार्ग खुला करून देणाऱ्या या पुरुषाची थोरवी अबुकीरच्या त्या एका क्षणीच उमगली होती.