नगरचा कोर्स अर्धवट सोडून रणांगणावर गेला तो २१ वर्षांचा अधिकारी : परमवीर अरुण खेत्रपाल यांची गोष्ट

पारनेर असो, श्रीगोंदा असो, नाहीतर पाथर्डी. पहाटे पाचला कुठल्याही रस्त्यावर भरतीची पोरं पळताना दिसतात. फौजेत जायचं म्हणजे भरतीला उतरायचं, एवढं गावागावात पक्कं ठाऊक आहे. पण त्याच फौजेत अधिकारी होऊन जाण्याचा रस्ता वेगळा असतो आणि तो दहावी-बारावीलाच धरावा लागतो, हे फार कमी घरांत बोललं जातं. हा रस्ता वयाच्या सोळाव्या वर्षी धरणाऱ्या आणि त्याचा शेवटचा टप्पा आपल्या नगरमध्ये गाठणाऱ्या एका तरुणाची ही गोष्ट. नाव सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल.

अरुण यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला. घराणं मूळचं पंजाबातल्या सरगोध्याचं. फाळणीत ते गाव पाकिस्तानात गेलं आणि कुटुंब इकडे आलं. घरात फौज पिढ्यान्‌पिढ्या होती. पणजोबा शिखांच्या खालसा फौजेत इंग्रजांविरुद्ध लढले होते, आजोबा पहिल्या महायुद्धात होते, तर वडील मदनलाल खेत्रपाल लष्कराच्या इंजिनिअर दलात अधिकारी होते. पुढे ते ब्रिगेडियर झाले.

वडिलांच्या सारख्या बदल्या होत. त्यामुळे अरुण यांना हिमाचलच्या डोंगरातल्या सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये, बोर्डिंगला ठेवलं. अभ्यासातही बरे आणि मैदानावरही पुढे, असा हा मुलगा होता. धाकटा भाऊ पुढे दिल्लीच्या आयआयटीत इंजिनिअरिंगला गेला. म्हणजे त्या घरात दुसरे रस्ते बंद नव्हते. तरी अरुण यांनी शाळा संपतानाच एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, निवडली.

जून १९६७ मध्ये ते पुण्याजवळच्या खडकवासल्याला एनडीएत दाखल झाले. वय होतं १६ वर्षं ८ महिने. फॉक्सट्रॉट स्क्वाड्रनमध्ये त्यांना जागा मिळाली आणि पुढे ते त्याच स्क्वाड्रनचे कॅडेट कॅप्टन झाले. एनडीएत तीन वर्षं जातात. सकाळी कवायत, दिवसा कॉलेजासारखा अभ्यास, संध्याकाळी खेळ. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांची पोरं एकत्र राहतात, एकत्र घाम गाळतात. भूदलात जाणारा मुलगा नंतर एक वर्ष डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत काढतो. अरुण यांनीही ते वर्ष काढलं आणि १३ जून १९७१ रोजी खांद्यावर पहिला तारा लागला. चार वर्षांची मेहनत होती ती.

हा रस्ता आजही तसाच आहे. एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं. बारावीत शिकत असतानाही अर्ज करता येतो. भूदलासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं. पण लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण एकट्या गणिताचे असतात, त्यामुळे अकरावीला गणित सोडणाऱ्याने आधी विचार करावा. लेखीनंतर पाच दिवसांची एसएसबी मुलाखत, तिचेही ९०० गुण. २०२२ पासून मुलींनाही एनडीएत प्रवेश मिळतो आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. तिथला खर्च सरकार करतं, तीन वर्षांनी पदवीही हातात येते. दहावीनंतर तयारी करायची तर राज्य सरकारची छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी आणि नाशिकला मुलींसाठी सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे. आणि एनडीए हुकली म्हणजे सगळं संपलं असंही नाही. साध्या कॉलेजातून पदवी घेऊन सीडीएस परीक्षा देता येते.

आता पुन्हा अरुण यांच्याकडे वळू. त्यांना रेजिमेंट मिळाली १७ पूना हॉर्स. १८१७ मध्ये पुण्यात उभी राहिलेली ही जुनी घोडदळाची तुकडी. घोडे गेले आणि रणगाडे आले तरी नाव तेच राहिलं. १९६५ च्या युद्धात याच रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं होतं. तारापोर यांची शाळा पुण्यातली. असा वारसा असलेल्या रेजिमेंटमध्ये हा वीस वर्षांचा पोरगा दाखल झाला.

रणगाडा दलातल्या नव्या अधिकाऱ्याला यंग ऑफिसर्स कोर्स करावा लागतो, आणि तो होतो आपल्या नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये. रणगाडा चालवणं, त्याची तोफ डागणं, वायरलेसवर बोलणं, रणगाड्यांची तुकडी हलवणं हे सगळं तिथे शिकवतात. १९७१ च्या पावसाळ्यानंतर अरुण याच कोर्ससाठी नगरला होते. सीमेवर वातावरण तापत चाललं होतं. कोर्स पूर्ण व्हायच्या आतच तरुण अधिकाऱ्यांना आपापल्या रेजिमेंटला परत जायचे हुकूम आले.

अरुण नगरहून निघाले, तेव्हा त्यांची जावा मोटारसायकलही रेल्वेत चढवली होती. वाटेत दिल्लीला घरी थांबले. सामानात गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा गणवेशही होता. घरच्यांनी विचारलं, तर लाहोरला गोल्फ खेळायचा आणि जिंकल्यावर मेजवानीला गणवेश लागेलच, असा त्यांचा हिशोब होता. वय २१. आईने निरोप देताना वाडवडिलांसारखंच शूर राहायला सांगितलं.

रेजिमेंटला पोचल्यावर मात्र वेगळंच झालं. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग यांनी त्यांना लढाईत न्यायला नकार दिला. कारण सरळ होतं, नगरचा कोर्स अर्धा राहिला होता. अर्धवट शिकलेल्या अधिकाऱ्याच्या हाती रणगाडे आणि जवानांचे जीव कसे द्यायचे? अरुण यांनी खूप विनवणी केली. हे युद्ध चुकलं तर पुन्हा अशी वेळ येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी हनूत सिंग यांनी एक अट घातली. थोड्या दिवसांत एका अनुभवी जेसीओच्या हाताखाली राहिलेलं सगळं शिकायचं आणि परीक्षा द्यायची. पास झालास तर चल. अरुण यांनी दिवसरात्र एक केला आणि पास झाले. वशिला नाही, वडिलांचं नाव नाही. जे राहिलं होतं ते शिकूनच त्यांना रणगाड्यात जागा मिळाली.

३ डिसेंबर १९७१ ला युद्ध पेटलं. पूना हॉर्स पंजाब-जम्मूच्या हद्दीवर, शकरगढ भागात होती. १५ डिसेंबरच्या रात्री आपल्या पायदळाने बसंतर नदीपलीकडे जागा धरली. मध्ये पाकिस्तानने सुरुंग पेरून ठेवले होते आणि इंजिनिअर दलाचं ते काढण्याचं काम पुरं झालं नव्हतं. पलीकडे पायदळ अडचणीत होतं. पूना हॉर्सचे रणगाडे थांबले नाहीत, ते सुरुंगांतून तसेच पुढे गेले.

१६ डिसेंबरच्या सकाळी धुराचा पडदा टाकून पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन रणगाडे जारपालजवळ चाल करून आले. तिथल्या आपल्या स्क्वाड्रनने मदत मागितली. अरुण दुसऱ्या स्क्वाड्रनमध्ये होते. ते आपला सेंच्युरियन रणगाडा घेऊन निघाले. त्या रणगाड्याचं नाव होतं फामागुस्टा. वाटेतली शत्रूची ठाणी मोडत ते जारपालला पोचले. आता समोरची चाल अडवायला तीनच रणगाडे होते, कॅप्टन मल्होत्रा, लेफ्टनंट अहलावत आणि अरुण यांचे. अहलावत यांच्या रणगाड्याला गोळा लागला. मल्होत्रा यांची तोफ बंद पडली. राहिले एकटे अरुण.

त्यांच्याही रणगाड्याला गोळा लागून आग लागली. वायरलेसवरून रणगाडा सोडायचा आदेश आला. तोफ अजून चालते आहे, त्यामुळे रणगाडा सोडणार नाही, असं कळवून त्यांनी वायरलेस बंद केला. त्या लढाईत शत्रूचे दहा रणगाडे पडले. त्यातले चार एकट्या अरुण यांनी उडवले. मग दुसरा गोळा आला आणि त्यात ते गेले. वायरलेसवरचे सवार नंद सिंग यांनाही वीरमरण आलं. ड्रायव्हर प्रयाग सिंग आणि तोफेवरचे नाथू सिंग वाचले. शत्रूचा एकही रणगाडा तिथून पुढे जाऊ शकला नाही. त्याच दिवशी तिकडे ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. दुसऱ्या दिवशी पश्चिमेलाही युद्ध थांबलं.

युद्ध थांबलं म्हणून दिल्लीतलं घर पोराची वाट बघत होतं. आली ती शहीद झाल्याची खबर. अरुण यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हा मान मिळवणारे तेव्हाचे ते सर्वांत तरुण वीर होते. खडकवासल्याच्या एनडीएचं कवायत मैदान आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

तीस वर्षांनी, २००१ मध्ये, ८१ वर्षांचे वडील आपलं सरगोध्याचं जुनं घर बघायला पाकिस्तानात गेले. तिथे त्यांचा पाहुणचार केला निवृत्त ब्रिगेडियर नासेर यांनी. निघायच्या आदल्या रात्री नासेर यांनी मनातलं सांगून टाकलं. त्या सकाळी समोरच्या रणगाड्यात तेच होते, आणि अरुण त्यांच्याच गोळ्याने गेले होते. म्हाताऱ्या बापाने ते ऐकून घेतलं. मनात राग धरला नाही. दोघेही फौजी होते, दोघांनीही आपापलं काम केलं होतं.

अरुण यांचा तो फामागुस्टा रणगाडा नंतर दुरुस्त करून नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करून ठेवला आहे. ज्या ठिकाणचा कोर्स त्यांना अर्धा सोडावा लागला, तिथेच. आजही रणगाडा दलातले नवे अधिकारी त्याच शाळेत तो कोर्स करायला येतात. पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या आपल्या पोरांपैकीही कुणी तिथे पोचू शकतं. त्यासाठी घरात हा विषय दहावीच्या निकालाआधी निघायला हवा.