जेम्स प्रेस्कॉट जूल

जेम्स प्रेस्कॉट जूल (२४ डिसेंबर, १८१८ – ११ ऑक्टोबर, १८८९) हे इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ होते. विद्युत् प्रवाहामुळे तारेत निर्माण होणाऱ्या उष्णतेचा नियम त्यांनी शोधून काढला. ऊर्जेच्या एककाला त्यांचे नाव दिलेले आहे.

जूल यांचा जन्म मँचेस्टरजवळील सॅलफर्ड येथे झाला. वडिलांचा बिअर बनविण्याचा कारखाना होता. जॉन डाल्टन यांच्याकडे त्यांनी काही काळ शिक्षण घेतले. विद्यापीठात मात्र ते कधीच गेले नाहीत. वाफेच्या यंत्राऐवजी विजेवर चालणारे यंत्र वापरता येईल का, या व्यावहारिक प्रश्नातून त्यांचे संशोधन सुरू झाले. घटमालेत खर्ची पडणारे जस्त कोळशापेक्षा फारच महाग पडते, असे त्यांना आढळले. बेत फसला, पण मोजमापाची सवय कायम राहिली.

जूलचा नियम

१८४० साली त्यांनी काचनळीवर गुंडाळलेली तार पाण्यात बुडवून तीतून प्रवाह सोडला आणि पाण्याचे तापमान किती वाढते ते मोजले. उष्णता ही तारेच्या रोधाच्या व प्रवाहाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते, असे दिसून आले. विजेची प्रमाण एकके तेव्हा ठरलेली नसल्याने, तासाभरात ९ ग्रेन पाण्याचे विघटन करणारी वीज हे एकक त्यांनी स्वतःच ठरवून घेतले होते. रॉयल सोसायटीने त्यांच्या निबंधाचा केवळ सारांश छापला. हाइन्‍रिख लेन्झ यांनीही १८४२ साली स्वतंत्रपणे हाच नियम मांडला.

आजच्या सूत्रांत शक्तीसाठी 'पी', विद्युत् दाबासाठी 'व्ही', रोधासाठी 'आर' आणि प्रवाहासाठी 'आय' ही रोमन अक्षरे वापरतात. 'आय' हे प्रवाहाच्या तीव्रतेसाठी असलेल्या फ्रेंच शब्दाचे आद्याक्षर होय. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. ओहमच्या नियमानुसार दाबाच्या जागी प्रवाह गुणिले रोध घातल्यास जूलचे सूत्र मिळते. प्रवाहाच्या जागी दाब भागिले रोध घातल्यास शक्ती दाबाच्या वर्गाला रोधाने भागून येते. पहिल्या सूत्रात रोध वाढला की शक्ती वाढते, तर दुसऱ्यात घटते. हा विरोध वरवरचा आहे : पहिल्यात प्रवाह स्थिर धरलेला असतो, दुसऱ्यात दाब. २ ओहम रोधातून १० अँपिअर प्रवाह गेल्यास २०० वॉट उष्णता निर्माण होते, २० अँपिअर गेल्यास ८००. दूर अंतरावर वीज उच्च दाबाने व कमी प्रवाहाने वाहून नेतात, ती यामुळेच.

पुढील कार्य

उष्णता हा पदार्थ नसून कार्याचेच रूपांतर आहे, हे जूल यांनी १८४३ मध्ये कॉर्क येथे मांडले, तेव्हा श्रोत्यांनी फारशी दखल घेतली नाही. १८४७ च्या ऑक्सफर्ड सभेत विल्यम टॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी मात्र त्यांचे महत्त्व ओळखले. १८५० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १८७० मध्ये त्यांना कॉप्ली पदक मिळाले.

सेल येथे त्यांचे निधन झाले. तेथील त्यांच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. १ पौंड पाण्याचे तापमान १ अंश फॅरनहाइटने वाढविण्यास लागणारे फूट-पौंडांतील कार्य म्हणून त्यांनी तो १८७८ मध्ये मोजला होता.