बऱ्हाणपूरचा गृहस्थ : अब्दुर्रहीम खानखाना

तापीच्या उत्तर तीरावरील बऱ्हाणपूर शहराचे नाव निघाले की बहुतेकांना मुमताजमहल आठवते. इ. स. १६३१ मध्ये तिचा अंत याच शहरात झाला. इतिहासाच्या अभ्यासकांना जवळचा असीरगड आणि अकबराने त्याला घातलेला वेढा आठवतो. परंतु या शहरात जो अनेक वर्षे राहिला, ज्याने येथे बाग लावली, स्नानगृह उभारले, ग्रंथ जमवले आणि सामान्य माणसाच्या घागरीपर्यंत पाणी आणण्याची व्यवस्था केली, त्या अब्दुर्रहीम खानखानाचे स्मरण मात्र क्वचितच केले जाते. हिंदी पाठ्यपुस्तकांतून आपल्या मुलांच्या तोंडी बसलेले दोहे लिहिणारा रहीम तो हाच. सेनापती, मुत्सद्दी, अनुवादक आणि कवी अशा अनेक नात्यांनी त्याची चरित्रे लिहिली गेली. येथे त्याच्याकडे पाहावयाचे आहे ते एक गृहस्थ म्हणून, मोहिमेवरून परतणाऱ्या माणसाला घरी कोणते सुख हवे असते हे जाणणारा म्हणून.

रहीमचा जन्म १७ डिसेंबर १५५६ रोजी लाहोर येथे झाला. पिता बैरामखान हा तुर्कमान वंशाचा, अकबराचा पालक आणि त्याच्या राज्याचा आधारस्तंभ. माता मेवातच्या एका घराण्यातील. पुढे अकबराशी बेबनाव झाल्यावर बैरामखान मक्केच्या यात्रेस निघाला आणि जानेवारी १५६१ मध्ये गुजरातेतील पाटण येथे त्याचा खून झाला. त्या वेळी रहीम अवघा चार वर्षांचा होता. माता व बालक कसेबसे अहमदाबादेस आणि तेथून आग्ऱ्यास पोहोचले. अकबराने त्या पोरक्या मुलाला आपल्या छत्राखाली घेतले आणि राजपुत्रास साजेल असे शिक्षण दिले. फारसी, तुर्की, अरबी, संस्कृत आणि व्रजभाषा या भाषांशी त्याचा परिचय झाला. एका गोष्टीची उणीव मात्र कायम राहिली. वाडवडिलांचे असे गाव, जेथे परत जाता यावे असे घर, त्याच्या वाट्यास आले नाही. जेथे नेमणूक होईल तेथे घर मांडायचे, हाच त्याचा जन्मभराचा परिपाठ झाला.

गुजरातच्या बंडखोर मुजफ्फरशहाचा त्याने १५८४ मध्ये सरखेजजवळ पराभव केला. या विजयाबद्दल बादशहाने त्याला पित्याचाच ‘खानखाना’ हा किताब दिला. विजयाच्या स्मरणार्थ त्याने रणभूमीजवळ एक बाग लावली. रहीमच्या स्वभावाची ही पहिली ठळक खूण म्हणता येईल. पुढे १५८९ मध्ये त्याने बाबराच्या आत्मचरित्राचा तुर्कीतून फारसीत अनुवाद पूर्ण करून अकबरास सादर केला. बाबराच्या या ग्रंथात लढायांच्या बरोबरीने झाडे, झरे आणि फळे यांची वर्णने येतात. हिंदुस्थान जिंकूनही काबूलकडच्या खरबुजाच्या वासाने व्याकूळ होणारा तो बादशहा त्यात दिसतो. घरापासून दूर पडलेल्या माणसाचे हे दुःख शब्दाशब्दाने दुसऱ्या भाषेत उतरवताना, स्वतःस मूळचे घर नसलेल्या या अनुवादकावर त्याचा संस्कार झाला नसेल असे म्हणवत नाही.

सिंधची मोहीम आटोपल्यावर रहीमची दृष्टी दक्षिणेकडे वळली. इ. स. १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुरादबरोबर तो अहमदनगरास भिडला. तेथे चांदबीबीने दाखवलेले शौर्य महाराष्ट्रास ज्ञात आहेच. फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदावरीच्या परिसरात आष्टी येथे दख्खनी फौजांशी मोठी लढाई झाली. रहीमला जय मिळाला, पण त्याच्या बाजूने लढणारा खानदेशचा फारुकी सुलतान राजा अलीखान रणात पडला. बऱ्हाणपूरची जामा मशीद याच राजा अलीखानाने बांधली असून तिच्यात अरबीबरोबर संस्कृत भाषेतील शिलालेखही कोरलेला आहे. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला आणि फारुकींचे राज्य संपले. शाहजादा दानियाल सुभेदार झाला, त्याच्या नावावरून खानदेशास काही काळ ‘दानदेश’ म्हटले जाऊ लागले, आणि बऱ्हाणपूर मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे मुख्य ठाणे बनले. मधले खंड वगळता १६२० च्या पुढेपर्यंत रहीमचे आयुष्य या शहराशी बांधलेले राहिले. वऱ्हाड, जालना, अहमदनगर या मुलखांत जावे आणि तापीकाठी परत यावे, असे ते जाणे-येणे होते.

ज्या शहरात तो परत येई ते फारसे वैभवशाली नव्हते. नोव्हेंबर १६१५ मध्ये येथे आलेल्या इंग्रज वकील सर टॉमस रो याला शाहजाद्याचा, खानखानाचा आणि मोजक्या मातबरांचा वाडा सोडल्यास बहुतेक घरे मातीचीच दिसली. त्याच्या पाच वर्षे आधी, १६१० च्या आरंभी आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने मात्र एक वेगळे चित्र नोंदवून ठेवले आहे. शहरापासून सुमारे दोन कोसांवर खानखानाची लालबाग होती. तेथपर्यंतचा सारा रस्ता झाडांच्या सावलीतून जाई. आत फिरावयाच्या वाटा, चार वृक्षांच्या मधोमध चौकोनी तलाव आणि प्रवेशद्वाराबाहेर झाडांच्या आधारे उंचावर केलेली बैठक त्याने पाहिली. खानदेशच्या उन्हाळ्याचा ज्याला अनुभव आहे त्यालाच दोन कोसांच्या सावलीचे मोल कळेल. बागेपर्यंतची वाटही सुखाची असावी, हा विचार त्या रचनेत दिसतो.

जहांगीराच्या कारकिर्दीच्या आरंभीच्या वर्षांत रहीमच्या अमदानीत शहरात हमाम बांधला गेला. मध्यभागी अष्टकोनी हौद, भोवती लहान दालने, वर घुमट आणि पाणी खेळवणारे मातीचे नळ अशी त्याची रचना आहे. हमाम म्हणजे केवळ अंग धुण्याची जागा नव्हे. गरम पाणी, वाफ, मर्दन आणि मग शांत बसणे हा क्रम थकलेल्या शरीरास विश्रांती देणारा उपचारच होय. काफिल्याबरोबर आठवडेच्या आठवडे धूळ खात आलेल्या वाटसरूस या तास-दोन तासांत पुन्हा माणसात आल्यासारखे वाटत असले पाहिजे.

शरीराच्या विश्रांतीबरोबर मनाचीही सोय होती. रहीमचे ग्रंथालय हे त्या काळातील एक मोठे ग्रंथालय मानले जाई. तेथे केवळ पोथ्या रचून ठेवलेल्या नव्हत्या. सुलेखनकार, चित्रकार आणि पुस्तक बांधणारे कारागीर तेथे काम करीत. रामायणाच्या फारसी अनुवादाची एक सचित्र प्रत त्याने स्वतःसाठी करवून घेतली होती. ती आज वॉशिंग्टन येथील फ्रीअर कलासंग्रहात आहे. इराणातून आलेले उर्फी आणि नझीरी यांसारखे कवी त्याच्या आश्रयास होते, तसाच हिंदी कवी गंगही होता. नहावंदचा अब्दुल बाकी बऱ्हाणपुरास येऊन राहिला आणि १६१६ मध्ये त्याने ‘मआसिर-ए-रहीमी’ हा ग्रंथ पूर्ण केला. खानखानाच्या बांधकामांची, आश्रितांची व ग्रंथालयाची माहिती आज आपल्याला मिळते ती मुख्यतः त्यातूनच. शतकभर वाचकांच्या हाती पुस्तके देत आलेल्या संस्थेला या प्रयत्नामागील कष्ट वेगळे सांगावयास नकोत.

रहीमची स्वतःची कविता या घरगुती सुखांच्या अगदी जवळ आहे. दरबारची भाषा फारसी असताना त्याने व्रज आणि अवधीत लिहिले. त्याच्या दोह्यांत सुई आणि तलवार, दोरा आणि गाठ, पाणी, मोती व चुना अशा नित्याच्या वस्तू येतात. पाच हजारी मनसबदाराच्या दृष्टीस सुई पडावी आणि तिच्यात त्याला नीतीचा पाठ सापडावा, हे विशेष होय. ‘बरवै नायिकाभेद’ या रचनेसाठी त्याने बारा व सात मात्रांचे छोटेसे, लोकगीताच्या वळणाचे बरवै वृत्त निवडले. ‘नगरशोभा’ या काव्यात तर निरनिराळे व्यवसाय करणाऱ्या घरांतील स्त्रियांचीच शब्दचित्रे आहेत. शहराची शोभा त्याला काम करणाऱ्या माणसांत दिसली.

परंतु रहीमचे सर्वांत टिकाऊ काम भूमीच्या पोटात आहे. इ. स. १६१५ च्या सुमारास तबकुतुल अर्झ या इराणी भूजलतज्ज्ञाने सातपुड्याच्या पायथ्याची पाहणी केली. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि तापीच्या दिशेने पाझरत जाते. हा पाझर वाटेत अडवून, भुयारी मार्गाने मंद उतारावरून शहरात आणण्याची योजना आखली गेली. ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या खोदल्या. त्यांतून भुयारात हवा जाई, गाळ काढता येई आणि पाणीही शेंदता येई. मोट नको, बैल नको, केवळ उताराच्या बळावर पाणी वाहत राही. अशा आठ योजना झाल्या. त्यांतील कुंडी भंडारा अर्थात खूनी भंडारा याच्या शंभराहून अधिक कुंड्या आहेत, आणि तेथून पाणी जाळी करंज या हौदाकडे येते. तेथून ते मातीच्या नळांनी शहरात, हमामात आणि बागांत खेळवले गेले. पहाटे थंड, स्वच्छ पाण्याने घागर भरणे हे सुख हवेलीतल्या बेगमेस आणि मातीच्या घरातील बाईस सारखेच.

हे सारे लिहिताना दुसरी बाजू विसरता येत नाही. बाग, हमाम आणि ग्रंथालय यांचा खर्च जहागिरींच्या वसुलीतून येत होता. ज्या मुलखात मोगल फौजा आणि मलिक अंबरच्या तुकड्या आळीपाळीने फिरत, तेथल्या रयतेची शेते त्याच घोड्यांच्या टापांखाली जात होती. १६१६ मध्ये रहीमचा पुत्र शाहनवाजखान याने जालन्याकडे मलिक अंबरचा पराभव केला. त्यानंतर खडकी शहर जाळले गेले. बऱ्हाणपूरची शांतता अशा किमतीवर उभी होती.

रहीमच्या स्वतःच्या घरातही सुखाची मर्यादा फार निष्ठुरपणे सिद्ध झाली. त्याची कन्या जाना बेगम दानियालला दिलेली होती. दानियाल मद्याच्या पूर्ण आहारी गेला. त्याच्यापर्यंत मद्य पोहोचू नये म्हणून खानखानाने पहारा बसवला, तेव्हा सेवकांनी ते बंदुकीच्या नळीतून नेल्याचे इतिहासकार सांगतात. १६०५ मध्ये बऱ्हाणपुरातच शाहजाद्याचा अंत झाला. पुढे तेच व्यसन शाहनवाजखानास जडले. ही वार्ता जहांगीराच्या कानी गेली होती आणि रहीम दरबारातून निघताना बादशहाने त्याला सावधही केले होते. घाईने तो बऱ्हाणपुरास परतला. मुलगा अंथरुणास खिळलेला होता. वैद्यांचे उपाय चालले नाहीत आणि १६१९ मध्ये ऐन उमेदीत शाहनवाज गेला. उतावळी नदीच्या काठी त्याची देखणी कबर आजही उभी आहे. पाठोपाठ बाळापूरच्या बाजूस दुसरा पुत्र रहमानदाद आजारातून उठून लढाईस गेला. परतल्यावर अंगातील चिलखत काढताच त्याला वारा बाधला आणि दोन-तीन दिवसांत तोही गेला. आरोग्यासाठी स्नानगृह बांधणाऱ्या पित्याला आपली मुले वाचवता आली नाहीत.

पुढची वर्षे उतरणीची. १६२० मध्ये मलिक अंबरच्या सैन्याने बऱ्हाणपूरला वेढले. खानखाना शहरात कोंडला गेला आणि पुढील वर्षी शाहजादा खुर्रम, म्हणजे भावी शाहजहान, फौज घेऊन आला तेव्हा सुटका झाली. नंतर खुर्रमने बंड केले. रहीमची नात त्याला दिलेली होती. एकीकडे नाते, दुसरीकडे बादशहाची निष्ठा, या ओढाताणीत वृद्ध सरदाराचे पाऊल डळमळले आणि दोन्ही पक्षांचा विश्वास त्याने गमावला. १६२५ मध्ये पुत्र दाराबखानाचा शिरच्छेद झाला आणि ते मस्तक पित्याकडे पाठवण्यात आले. जहांगीराने अखेरीस त्याला क्षमा करून किताब परत दिला, पण तोवर चार खांद्यांवर नेणारी मुले उरली नव्हती. इ. स. १६२७ मध्ये दिल्लीत त्याचे निधन झाले. पत्नी माहबानूसाठी त्याने हजरत निजामुद्दीन दर्ग्याच्या परिसरात बांधलेल्या कबरीतच त्याला विश्रांती मिळाली.

त्या कबरीचे दगड अठराव्या शतकात सफदरजंगाच्या कबरीसाठी काढून नेले गेले. दीर्घ दुरुस्तीनंतर २०२० मध्ये ती पुन्हा दर्शनीय झाली. ग्रंथालयातील पोथ्या देशोदेशी पांगल्या. लालबागेतील फिंचने पाहिलेली सावली गेली. कुंडी भंडाऱ्यात मात्र पाणी आहे. भुयाराच्या भिंतींवर क्षारांचे थर चढले आहेत आणि आसपासच्या कूपनलिकांनी भूजलावर ताण आणला आहे, तरी चार शतकांपूर्वीचा तो पाझर थांबलेला नाही. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२४ मध्ये त्याचे नाव समाविष्ट झाले. बऱ्हाणपुरास जाणाऱ्याने किल्ला आणि कबरी पाहाव्यातच. त्यानंतर मात्र एखाद्या कुंडीच्या काठाशी थांबून खाली वाहणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकावा. घर नसलेल्या एका माणसाने दुसऱ्यांच्या घरांसाठी आणलेले ते पाणी आहे.