परमवीरचक्राच्या शिल्पकार

सैनिकाच्या छातीवरील रंगीत फिती आम्ही कौतुकाने न्याहाळतो. परंतु त्यांत साध्या जांभळ्या फितीचे मोल सर्वांत थोर. त्या फितीखालील परमवीरचक्राची आकृती स्वित्झर्लंडमध्ये १९१३ साली जन्मलेल्या सावित्रीबाई खानोलकर यांनी रेखिली. सँडहर्स्ट येथे शिकणाऱ्या विक्रम खानोलकरांशी त्यांचा परिचय झाला आणि पित्याचा विरोध असताही १९३२ साली विवाह झाला. येथील भाषा व पुराणे त्यांनी मनोभावे अभ्यासिली. म्हणूनच देहदान करणाऱ्या दधीचींच्या अस्थींचे वज्र त्यांस स्मरले. मध्ये राजमुद्रा, भोवती चार वज्रे! दैवयोग असा, की हे पदक प्रथम मरणोत्तर लाभलेले मेजर सोमनाथ शर्मा त्यांच्याच थोरल्या कन्येचे दीर होते. १९९० साली निवर्तलेल्या या माउलीस आमचे वंदन!